स्वतःच्या दमावरचं इंजिन

८ जानेवारी

भावोजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही ते फोडलंत, म्हणजे निम्मी लढाई मी जिंकले. आधी फोन करणार होते. पण आवाज ओळखूनही तुम्ही "कोण बोलतंय?" म्हणाला असतात आणि मी फोन ठेवून दिला असता. पत्ता भिंगरीच्या वाढदिवसाला तुम्ही काका म्हणून पाठवता त्या कार्डावरून उतरवून घेतला. तिला माहीत नाही. तुमच्या दादांना तर अजिबात नाही.

घाबरू नका, काम इंजिनाचं आहे.

आपल्या त्याच सोळाशे सीसीच्या इंजिनाचा जुळा भाऊ भंगारवाल्याकडे सापडला. तुमचे दादा घाटाच्या शर्यतीसाठी तो पुन्हा बांधायला घेतायत. टर्बोबिर्बो नाही. तुम्हाला माहीतच आहे, टर्बो म्हटलं की ते असं तोंड करतात की जणू कुणी जेवताना घास हाताने कोंबतोय. इंजिनाने स्वतःच्या दमाने जेवढी हवा ओढायची तेवढीच, आणि तेवढ्या हवेतून जास्तीत जास्त ताकद काढायची. शर्यतीचा गटही तसाच आहे.

आता "बांधतायत" म्हटलं खरं, पण ते स्टुलावर बसून सांगतात आणि मी करते. उजवा हात जरा थकलाय त्यांचा. बाकी तब्येत ठणठणीत.

तर प्रश्न असा. हवा आत येते त्या वाटा, म्हणजे इनटेकचे पोर्ट, तुम्ही तेव्हा घासून रुंद केले होतेत. किती केले होतेत? हे म्हणतात छत्तीस मिलिमीटर. मला आठवतंय की तुम्ही चौतीसवर थांबला होतात आणि त्यावरून दोघांची जुंपली होती. ह्यांना विचारायची सोय नाही, कारण ते स्वतःच्याच आकड्यावर ठाम आहेत. हे पोर्ट ज्यात असतात ते इंजिनाचं हेड एकच आहे. चुकून भोक पडलं तर संपलंच.

एवढंच कळवा. एक ओळ पुरे.

गुडघा कसा आहे? हे तांत्रिक नाही, पण विचारते.

तुमची वहिनी

---

२ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पोस्टकार्ड आलं. "चौतीस. एक केसभर जास्त नको. पलीकडे पाण्याची वाट आहे." एवढंच. सही नाही, तारीख नाही. तरी मी ते तीनदा वाचलं. सहा वर्षांनी दिराचं पत्र आलं आणि त्यात प्रेमाचे चार शब्द म्हणजे "पलीकडे पाण्याची वाट आहे". पण तुम्ही पहिल्यापासून असेच. मी नवी नवरी असताना तुम्ही मला पहिलं वाक्य काय बोलला होतात, आठवतंय? "वहिनी, ते तेलाचं भांडं आहे, त्यात पीठ नका मळू."

चौतीसवर थांबले. ह्यांना सांगितलं, छत्तीसच केलेत. देव मला क्षमा करो.

पोर्ट घासायचं काम मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. पहिले दोन दिवस हातातलं ग्राइंडर माझ्या मनासारखं कमी आणि स्वतःच्या मनासारखं जास्त चाललं. मग जमलं. आतली वळणं डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून भिंगरीने तिच्या दवाखान्यातून दात बघायचा तो छोटा आरसा आणून दिला. (ती दातांची डॉक्टर झाली, तुम्हाला माहीत असेलच.) मी पोर्ट आरशासारखा चकचकीत केला आणि कौतुकाने ह्यांना दाखवला. तर हे म्हणाले, "अगं, पेट्रोलचे थेंब गुळगुळीत भिंतीवरून ओघळतात. जरा खरखरीत ठेवायचं असतं. तू काय घरातली भांडी घासतेयस?" मी म्हटलं, "घरातली भांडी तुम्ही घासा मग." तेव्हापासून खरंच घासतायत. डाव्या हाताने.

हेडचा तळ लेथवाल्यांकडून दीड मिलिमीटर उतरवून घेतला. हवा-पेट्रोल आता जास्त दाबलं जाईल, स्फोट जोरात होईल. एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसतायत. सायलेन्सरच्या चार नळ्यांच्या दोन आणि दोनांची एक, अशी जोडणी केलीय. मूळचे पंच्याहत्तर घोडे. आपले तेव्हा एकशे दहा झाले होते. हे म्हणतात ह्या वेळी सव्वाशे. सव्वाशे म्हणताना त्यांचा चेहरा बघायला हवा होतात.

आता दोन गोष्टी, ज्या मागच्या पत्रात मी गाळल्या.

एक. ह्यांचा हात "थकलेला" नाही. कापतो. दीड वर्ष झालं. नसांचा आजार आहे, डॉक्टर म्हणतात जाणार नाही, औषधाने आटोक्यात राहील. चमचा धरता येत नाही, मग पाना कुठून धरणार? मला तुमच्याकडून कीव नको होती, त्यांना तर नकोच, म्हणून लिहिलं नव्हतं.

दोन. गाडी कोण चालवणार, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असणार. भिंगरी चालवणार आहे. तिनेच अर्ज भरला, मग आम्हाला सांगितलं. हे इंजिन तिच्यासाठी आहे. शर्यत चोवीस मेला.

वहिनी

---

२७ फेब्रुवारी

भावोजी,

हे पत्र मी चार दिवस लिहितेय. तीन कागद फाडले. तुम्ही बसून वाचा.

कॅमशाफ्ट हवा होता. व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उघडे ठेवणारा, तुम्ही दोघांनी हट्टाने घासून घेतलेला तो. तसा आता कुणी करून देत नाही. तो होता जुन्या इंजिनात. त्या इंजिनाचं खोकं अपघातानंतर ह्यांनी खिळे ठोकून बंद केलं, ते सहा वर्षांत उघडलं नव्हतं. आपल्या इंजिनाचा कॅमशाफ्ट पोटात असतो, त्यामुळे खालचं ऑइल चेंबर काढल्याशिवाय तो हाती लागत नाही. हे डॉक्टरांकडे गेले होते. मी खिळे उपटले.

तुम्ही म्हणायचात, "दादाने पिस्टनच्या रॉडचा नट सैल ठेवला." हे म्हणायचे, "ह्याने लोकांना दाखवायला इंजिन आठ हजार फेऱ्यांवर नेलं आणि रॉड तोडला." ह्या दोन वाक्यांवर तुम्ही घर सोडलंत.

चेंबरच्या तळाशी, काळ्या गाळात, नट पडला होता. तिसऱ्या सिलिंडरचा. आटे शाबूत. तुटला नव्हता, ताणला नव्हता. हळूहळू फिरत निघून आला होता. तो निघाल्यावर दुसऱ्या बोल्टवर सगळा भार आला, तो तुटला, आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. आणि तुम्ही आठव्या वळणावरच्या कठड्यात गेलात.

तो नट दादांनी सैल ठेवला नव्हता, भावोजी. मी ठेवला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही टायर आणायला गेला होतात. ह्यांनी एक, दोन आणि चार नंबरचे नट कसले होते. तेवढ्यात चेंबरचं गॅस्केट फाटकं निघालं, ते आणायला जाताना मला म्हणाले, "तिसऱ्याचे दोन राहिलेत. टॉर्क पाना लावून ठेवलाय, टक् वाजेपर्यंत कस." मला ते काम येत होतं, दहादा केलं होतं. पहिला कसला, टक् वाजलं. दुसऱ्याला पाना लावणार, तर घरात फोन वाजला. माझ्या धाकट्या बहिणीला लग्नानंतर चौदा वर्षांनी मुलगी झाली होती. मी फोनवरच रडले, हसले, सगळ्यांना कळवलं. परत आले तेव्हा पाना खाली होता आणि नट जागेवर होता. हाताने बसवलेला. बघून वाटलं, झालंय. हे आले. म्हणाले, "झाले?" मी म्हटलं, "झाले."

शंका मला अपघाताच्याच दिवशी आली होती, तुम्हाला दवाखान्यात बघताना. पण शंकाच आहे, असं मी मनाला सांगत राहिले. तुम्ही दोघं माझ्यासमोर एकमेकांना वाट्टेल ते बोललात आणि मी चहा ओतत होते. तेव्हा बोलले असते तर तुमचा गुडघा परत आला नसता, पण तुमचा भाऊ तुम्हाला राहिला असता.

आत्ताच का सांगतेय, तर आता नव्या इंजिनाचे तेच आठ नट मला कसायचेत. आणि त्या गाडीत माझी पोर बसणार आहे. हे पोटात ठेवून मला पाना हातात घेववत नाही.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला. गुडघा तुमचा गेला.

वहिनी

---

२१ मार्च

भावोजी,

तुमचं उत्तर नाही. मी मागतही नाही. पण तुमच्याशी बोलायची सवय लागलीय, तर लिहिते.

ह्यांना सांगितलं. नट टेबलावर ठेवला आणि सांगितलं. ह्यांनी तो डाव्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "म्हणून मी ते खोकं उघडलं नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. दोनच गोष्टी निघणार होत्या. माझा भाऊ खोटारडा, नाहीतर माझी बायको. मला दोन्ही नको होतं." पुढे म्हणाले, "तिसऱ्याचे नट तू कसलेस, हे मी त्याला बोललो नाही. बोललो असतो तर तो तुझ्याशी भांडला असता, आणि पाना लावून बघायचं काम माझं होतं. मेकॅनिक मी."

म्हणजे बघा, तुम्ही "दादाने सैल ठेवला" म्हणत होतात तेव्हा हे माझं नाव गिळून उभे होते. आणि मी चहा ओतत होते.

पण माफ केलं असं समजू नका. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, उठायचे. नटाबद्दल राग नव्हता. मी "झाले" म्हणाले त्याचा होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "माणूस विसरतो. पण तू न बघता 'झाले' म्हणालीस. माझ्याशी." 

भिंगरीलाही सांगितलं. म्हटलं, "तुझ्या काकाला ज्या हाताने लंगडं केलं त्याच हाताने बांधलेल्या इंजिनावर तू बसणार आहेस. नको वाटत असेल तर लेथवाल्यांकडून कसून घेऊ." ती खुर्चीत बसून सफरचंद खात होती. म्हणाली, "आई, मी आठवड्याला पन्नास लोकांच्या तोंडात ड्रिल घालते. एकदा चुकीच्या दाताला घातलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जावंसं वाटत नव्हतं. गेले." मग सफरचंद संपवून, "तूच कस. पण एकदा नाही, दोनदा. आणि फोन बंद ठेव."

काल कसले. आठही, नवे बोल्ट, नवे नट. प्रत्येकावर कसल्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. हे दाराबाहेर स्टूल घेऊन पाठ करून बसले होते. मी हाक मारली, "या, बघा." तर म्हणाले, "बघणार नाही. झाले का ते सांग."

मी पुन्हा आठही तपासले. मग सांगितलं.

वहिनी

---

१४ एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. ह्या वेळी सहीसकट.

तुम्ही लिहिलंत, पहिले पंधरा दिवस माझ्यावर इतके चिडला होतात की पत्र बाहेर अंगणात भिरकावलंत, आणि मग स्वतःच लंगडत जाऊन उचलून आणलंत. लिहिलंत, "गुडघ्याचं काही नाही, पण दादाशी न बोलता गेलेली सहा वर्षं मला कोण देणार?" बरोबर आहे. मी देऊ शकत नाही. तुम्ही गोड काही लिहिलं असतंत तर मला पटलंही नसतं.

आणि शेवटची ओळ: "भिंगरीला सांगा, आठव्या वळणाला दुसरा गिअर. तिसरा घातला तर मी येऊन कान धरीन. तसाही येतोच आहे."

ती ओळ मी ह्यांना वाचून दाखवली.  संध्याकाळी हे पाहुण्यांच्या खोलीतला दिवा बदलताना दिसले. हात कापत असताना, खुर्चीवर चढून. मी ओरडले तर म्हणाले, "तो अंधारात पुस्तक वाचतो. डोळे आधीच गेलेत त्याचे."

आता इंजिनाची खबर. ताकद मोजायच्या रोलरवर गाडी चढवली. मोजणारा माणूस तरुण, कानात बाळी. त्याने बॉनेट उघडून विचारलं, "टर्बो कुठाय?" मी म्हटलं, "नाही." "मग इथवर कशाला आणलीत, काकू?" पहिल्या खेपेला एकशे सोळा. हे नुसता आवाज ऐकून म्हणाले, "वरती उपाशी राहतंय. पेट्रोलचा जेट मोठा टाक." टाकला. एकशे एकवीस. मग ठिणगीची वेळ दोन अंश पुढे घेतली. तो माणूस स्वतः दोनदा आकडा बघायला वाकला. एकशे सत्तावीस, सात हजारांना. म्हणाला, "काकू, कुणी बांधलंय?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बोट कापत होतं, त्यामुळे ते आधी भिंतीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे गेलं. तो माणूस भिंतीकडेच बघत राहिला. आम्ही दोघं इतके हसलो की मला खाली बसावं लागलं.

पोर्ट छत्तीस नव्हे, चौतीसच आहेत, हेही तेव्हाच सांगून टाकलं. म्हणाले, "मला माहीत होतं. तू त्याचंच ऐकणार."

या लवकर.

वहिनी

---

२७ मे

भावोजी,

आत्ताच बसमध्ये तुम्हाला बसवून घरी आले आणि लगेच लिहायला बसले. हे म्हणतात, "अगं, तो अजून पोचला पण नसेल." नसू दे. समोर असताना माणसाला सगळं बोलता येतं थोडंच?

तुम्ही दोघं भेटाल तेव्हा काय होईल ह्याची मला आठ दिवस धास्ती होती. रडतील, भांडतील, काय करतील. तुम्ही गेटमधून आत आलात, पिशवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "जेट किती?"

"एकशे पन्नास."

"जास्त झाला."

"तुला काय कळतंय?"

"काळा धूर सोडेल."

"सोडू दे."

झालं. सहा वर्षांनंतरची भेट. मी आणि भिंगरी स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून उभ्या होतो. हसत होतो की रडत होतो ते विचारू नका. जेवताना ह्यांच्या हातातून घास सांडला तेव्हा तुम्ही त्यांचं ताट पुढे सरकवलंत आणि वाटीत चमचा डावीकडून ठेवलात. मी पाहिलं ते. ह्यांनीही पाहिलं.

तुम्ही आदल्या दिवशी भिंगरीला घेऊन अख्खा घाट पायी चढलात, चारही किलोमीटर, त्या गुडघ्याने. प्रत्येक वळणावर थांबून. ती सांगत होती, आठव्या वळणाला काकाने रस्त्यावर खडूने रेघ मारली आणि म्हणाला, "इथे ब्रेक. इथे विचार नाही." तिथे स्वतःचं काय झालं ते एका शब्दानेही बोलला नाहीत.

शर्यतीच्या वेळी मी खाली सुरुवातीच्या रेषेपाशी होते. झेंडा पडला, गाडी गेली. तिथून सातव्या वळणापर्यंत आवाज येतो. मग डोंगराचं नाक आडवं येतं आणि काहीच ऐकू येत नाही. मला ते माहीत होतं. तरी आवाज थांबला तेव्हा मी ते आठ नट पुन्हा बोटांवर मोजायला लागले. हे शेजारी घड्याळ धरून होते, पण हातात ते इतकं हलत होतं की आकडे वाचता येत नव्हते. तुम्ही त्यांचं मनगट धरलंत. नुसतं धरून ठेवलंत. मग डोंगराच्या वरच्या अंगाने तो आवाज पुन्हा आला, चढता, सात हजारांचा, आणि तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यातच आहे. शहाणी पोर."

चौथी आली. पहिल्या तिघांना दवाखान्यात नेऊन दात दाखवायला लावीन म्हणत होती. मला चौथी खूप झाली. मला ती खाली आलेली हवी होती.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाल्यावर तुम्ही भिंगरीकडे चावी मागितलीत. हे पटकन दुसरीकडे बघायला लागले. तुम्ही अपघातापासून स्टीअरिंगला हात लावला नव्हतात, हे आम्हाला भिंगरीकडून कळलं होतं. इतक्या लांबून बसने येणारा माणूस का बसने येतो, ते आम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही सीट मागे सरकवलीत, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवलात, आणि मला म्हणालात, "वहिनी, बसा."

मी बसले. तुम्ही हळू नेणार असं मला वाटलं. तिसऱ्या वळणापर्यंत नेलीतही. मग तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि पाय खाली दाबलात. काटा सहा हजार, साडेसहा, सात. भावोजी, मी डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटत होते. पण ते इंजिन मी बांधलं होतं आणि तुम्ही त्यावर बसला होतात, तर बघणं माझं काम होतं. आठवं वळण आलं. कठड्याचे नवे दगड अजून पांढरे आहेत. तुम्ही दुसरा टाकलात, आणि गाडी अशी वळली की जणू तिला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं.

वर पोचल्यावर तुम्ही गाडी बंद केलीत.  तुमचा शर्ट पाठीला पार चिकटला होता, कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता. मला दिसलंय हे तुमच्या लक्षात आलं, तसं तुम्ही बाहीने तोंड पुसलंत आणि म्हणालात, "ऊन फार आहे, नाही?"

सूर्य कधीच डोंगरामागे गेला होता. गार वारा सुटला होता, मी पदर घट्ट लपेटून बसले होते.

मी म्हटलं, "हो ना. फारच."

पोचल्याचं कळवा.

तुमची वहिनी